डावीकडचं लांब शिफ्ट

सर, गेल्या महिन्यात मी माझ्या लॅपटॉपचा कीबोर्ड बदलून घेतला. त्या दुकानात उभी असताना तुमच्याशी भांडायची अशी काही हुक्की आली की ती अजून उतरलेली नाही, म्हणून आज लिहायला बसले. तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील. कॉम्प्युटर आले तेव्हा तुम्ही त्यांना ‘टीव्हीला जोडलेलं खेळणं’ म्हणून उडवून लावलं होतं. त्या खेळण्याची आता वही झाली आहे, सर. मिटून पिशवीत घालता येते. आणि ती चालवून मी पोट भरते. मी कोण ते सांगायला हवं. लोणी काळभोरची, उजव्या हाताला तीनच बोटं असलेली मुलगी. एवढ्यावरून आठवेल तुम्हाला, कारण पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघून बोललाच नव्हतात, माझ्या हाताकडे बघून बोलला होतात.

शनिवार पेठेतला तो लाकडी जिना, खाली भांड्यांचं दुकान, वर तुमची टायपिंगची संस्था. जिन्यावरूनच मशीनांचा कडकडाट ऐकू यायचा. बारावी झाल्यावर एसटीनं एकटी आले होते. लहानपणी कडबा कुट्टीच्या यंत्रात उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं, त्यानंतर घरात मला कुणी साधी विळीसुद्धा धरू देत नव्हतं. शेतात गेले तरी ‘तू बस बाई सावलीला’. त्या सावलीचा मला इतका कंटाळा आला होता की कुठंतरी जाऊन खडखडाट करावा, असं वाटायचं. मी दारात येते, तुम्ही खुर्चीतून उठत नाही. चष्म्यावरून बघता. गावच्या आजोबांपासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना अहो-जाहो करायची तुमची पद्धत, तशी मलाही करता.

“टायपिंगला दहा बोटं लागतात. तुमच्याकडे आठ आहेत. दुसरं काहीतरी शिका.”

“आठ बी चालतील की सर,” मी म्हणते.

“‘बी’ नव्हे, ‘ही’. आणि चालणार नाहीत.”

मशीनवर बसलेल्या मुली खुदकन हसतात. माझे कान तापतात. पण खाली जायला पाय वळत नाहीत, कारण खाली गेलं की एसटी, आणि एसटीतून उतरलं की सावली. दाराजवळ एक जुनं मशीन आहे, बटणं जड आहेत म्हणून त्यावर कुणी बसत नाही. मी जाऊन त्याच्यापुढे बसते. तुम्ही म्हणता, “बसा. वेळ तुमचा आहे. पण मी शिकवणार नाही. आठ बोटांचं टायपिंग मला येत नाही, आणि जे मला येत नाही ते मी शिकवत नाही.”

आणि खरंच तुम्ही शिकवलं नाहीत. इतर मुलींच्या मागे उभे राहून पट्टीनं टेबलावर ताल धरायचात, “नजर कागदावर, बोटांकडे बघू नका,” म्हणायचात, आणि माझ्या खुर्चीशी आलात की वळून परत जायचात. ते ऐकून ऐकूनच मी शिकले. करंगळीनं मारायची सगळी अक्षरं मधल्या बोटाला दिली. डावा हात मधली रेघ ओलांडून उजवीकडे यायला शिकवला. उजवीकडच्या शिफ्टला माझं बोट कधीच पोचणार नव्हतं, म्हणून सगळा कारभार डाव्या करंगळीवर, डावीकडच्या शिफ्टवर टाकला. ती करंगळी रोज संध्याकाळी सुजायची. घरी मी ती पदराखाली झाकायचे, कारण कुणी पाहिली असती तर पुन्हा सावलीच नशिबी होती. परीक्षा आली तेव्हा तुम्ही मला बसवायला साफ नकार दिलात. म्हणालात, “तुम्ही नापास झालात तर नाव माझ्या संस्थेचं जाणार.” मी भांडले नाही. दुसऱ्या पेठेतल्या दुसऱ्या संस्थेतून बसले आणि पास झाले.

पेढे घेऊन तुमच्याकडे आले ते पाया पडायला नव्हे, सर. दाखवायला आले होते. तुम्ही पेढा खाल्लात, हात पुसलात आणि विचारलंत, “शुद्धलेखनाच्या चुका किती?” बस्स. अभिनंदन नाही, काही नाही. मग खणातून मशीनवरची अक्षरं साफ करायचा एक लहान ब्रश काढून माझ्यापुढे ठेवलात. पास होणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही तो द्यायचात, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, “मी तुमच्या संस्थेतून पास झालेली नाही,” आणि ब्रश टेबलावर तसाच ठेवून जिना उतरले. लोक म्हणतात, वय झालं की अशा गोष्टींचा पस्तावा होतो. मला झालेला नाही. आज तुम्ही पुन्हा ब्रश पुढे केलात तर मी पुन्हा तिथंच ठेवून येईन.

पुढं वकिलांकडे टायपिंग केलं, पुस्तकांची अक्षरजुळणी केली. आता काय करते ते सांगते, कारण तुमच्या काळी हे काम नव्हतं. लोणी काळभोरच्याच एका कॉलेजात समाजकार्य शिकणारी एक मुलगी आहे. लहानपणी तापात तिचे कान गेले. बोलणं राहिलं, ऐकणं गेलं. वर्गात मी तिच्या शेजारी बसते आणि प्राध्यापक जे बोलतील ते बोलल्याबरोबर टाइप करते. पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटत जातं, आणि ती वाचते. म्हणजे ज्या गावातून मी एसटी धरून तुमच्याकडे आले होते, त्याच गावाला आता हडपसरहून रोज उलटी जाते, टायपिंग करायला. ती मला मावशी म्हणते. तिच्यासारखी आणखी दोन-तीन मुलं आहेत, पण हिच्याशी माझं जरा जास्त जमतं, कारण हिलाही घरचे सावलीला बसवायला टपलेले असतात.

तोंडी परीक्षा आठवड्यावर आली होती. आम्ही रसवंतीवर बसून तयारी करत होतो, आणि काहीतरी सांगताना हात उडवायची तिला सवय, त्यात उसाच्या रसाचा अख्खा ग्लास कीबोर्डवर. पुसलं, उलटा करून वाळवला, दुसऱ्या दिवशी बाकी सगळं सुरू झालं, पण डावीकडचं शिफ्ट आणि त्याच्या ओळीतली म, न आणि अनुस्वाराची बटणं गेली ती गेलीच. ती हमसाहमशी रडायला लागली. तिला समजवायला मी ‘रडू नको’ टाइप केलं. पडद्यावर आलं ‘रडू को’. तिनं डोळे पुसत वाचलं आणि म्हणाली, “मावशी, को काय?” आणि मग आम्ही दोघी रसवंतीवाल्यानं वळून बघावं इतकं हसलो. पण घरी आल्यावर माझं हसू गेलं. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिफ्ट किती लागतं हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. ख, घ, छ, झ, ण, ळ, श, सगळी शिफ्ट दाबून येतात. नुसतं ‘आई’ लिहायचं तर दोन्ही अक्षरांना शिफ्ट लागतं.

कंपनीच्या सेवाकेंद्रात गेले तर तिथल्या मुलानं लॅपटॉप उलटा करून मॉडेल पाहिलं आणि सांगितलं की कीबोर्ड वरच्या पत्र्याला चिकटवलेला असतो, सुटा बदलत नाहीत, आणि हे मॉडेल बंद झालंय, तेव्हा नवीन घ्या. माझा भाचा हिंजवडीत कामाला आहे. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “आत्या, एक्स्टर्नल कीबोर्ड लाव ना, सिंपल. नाहीतर व्हॉइस टायपिंग कर. अगं, आता टाइप कोण करतं?” त्याचा बाहेरून जोडायचा कीबोर्ड मी लावून पाहिला. वर्गातल्या बाकावर लॅपटॉप आणि तो दोन्ही मावेनात. तो मांडीवर घेतला तर तीन बोटांचा हात टेकायला जागा नाही. आणि माझी बोटं त्याच लॅपटॉपच्या अंतरांवर वर्षानुवर्षं बसलेली आहेत. नवीन घेतला असता तरी हात बसायला महिना गेला असता, आणि माझ्याकडे आठवडाही उरला नव्हता.

म्हणून बुधवार पेठेतल्या दुकानांत फिरले. तिसऱ्या दुकानात एक माझ्याच वयाचे गृहस्थ होते, शर्टाच्या खिशाला दोन स्क्रूड्रायव्हर. त्यांनी लॅपटॉप उघडला, जुना कीबोर्ड काढला, त्याच्या पाठीवरचा नंबर पाहिला आणि आतून एक नवा कोरा आणून टेकवला. भोकाला भोक जुळलं, खालची चपटी पट्टी खाचेत बसली. “झालं तुमचं काम,” ते म्हणाले. मी बोटं ठेवली आणि लगेच उचलली. एंटरचं बटण दोन ओळींएवढं उंच होतं, ते एक वेळ चाललं असतं. पण डावीकडचं शिफ्ट अर्ध्यावर कापलेलं, आणि उरलेल्या जागेत एक जादा बटण घातलेलं.

“हा विलायती पद्धतीचा आहे,” मी म्हटलं. “मला माझ्यासारखा पाहिजे, लांब शिफ्टचा.”

“अहो, बसतोय ना? उलट एक बटण जास्त मिळतंय. लोक कमी मिळालं म्हणून ओरडतात.”

“मला जास्त नकोय. शिफ्ट पूर्ण पाहिजे.”

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या हातावर गेली. सर, ती नजर मी जन्मभर ओळखते. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “मॅडम, तुम्हाला एवढा काय फरक पडणार आहे? तुम्ही तसंही...” आणि ते थांबले.

“तसंही काय? पूर्ण करा वाक्य.”

ते गडबडले. मी म्हटलं, हा कीबोर्ड आत्ता असाच राहू दे, स्क्रू न लावता लॅपटॉप सुरू करा. आणि तो समोरचा पेपर उचला आणि वाचा, तुमच्या नेहमीच्या वेगानं, माझ्यासाठी हळू नाही. त्यांनी आधी दया म्हणून सावकाश सुरुवात केली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत टाइप करत राहिले, तसा त्यांचा पुणेरी स्वभाव जागा झाला आणि ते मुद्दाम भरभर वाचायला लागले. पाणीकपातीची बातमी होती. मी एकदाही मागे राहिले नाही. मग पडदा त्यांच्याकडे फिरवला. माझी करंगळी सवयीनं शिफ्टला जात होती आणि त्या जादा बटणावर पडत होती, त्यामुळे जिथं ण तिथं एक भलतंच चिन्ह आणि पुढं म, आणि जिथं ळ तिथं ल.

“हे काय? ‘पुमे’?” ते म्हणाले.

“पुणे. पुढं बघा, ‘पामी’ पण आहे. तुमच्या कीबोर्डवर शहराचं नाव हेच येणार. चालेल तुम्हाला?”

पुण्याचं पुमे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी फोन उचलला आणि दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. तासाभरानं शेजारच्या गल्लीतून दुसरा आला. शिफ्ट लांब, एंटर आडवं, सगळं माझ्या जुन्यासारखं, पण हा दिव्याचा निघाला, म्हणजे अक्षरांखालून उजेड येणारा, आणि त्या दिव्याची वेगळी बारीक पट्टी लावायला माझ्या लॅपटॉपमध्ये खाचच नव्हती. “पट्टी आत चिकटवून टाकतो,” ते म्हणाले. “दिवा तेवढा लागणार नाही. अंधारात अक्षरं दिसायची नाहीत.”

“मी उजेडातही बघत नाही,” मी म्हटलं.

पत्र्यावर उरलेली प्लॅस्टिकची जुनी टोकं त्यांनी एकेक करून तोडली, नवीन कीबोर्ड बसवून त्याची टोकं तापवून घट्ट केली. मी समोर बसून प्रत्येक बटण दाबून पाहिलं, आणि डावीकडचं शिफ्ट तर नुसतं दाबतच राहिले. निघताना त्यांनी विचारलं, “कुठं शिकलात हो?” मी म्हटलं, “शिकवलं कुणी नाही. एका ठिकाणी बसू दिलं होतं.” यापेक्षा जास्त श्रेय मी तुम्हाला देणार नाही, सर. पण यापेक्षा कमीही दिलं नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला बघून हरकत घेतली. मदतनीस चालणार नाही, फोनवर ॲप लावा, ते बोललेलं आपोआप लिहून दाखवतं. फोन टेबलावर ठेवला. आमचे विभागप्रमुख गावातलेच, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुझ्या गावात पिण्याच्या पाण्याची काय परिस्थिती हाय?” फोननं सगळं वाक्य गिळलं आणि शेवटी इंग्रजीत भेटल्यावर म्हणतात तसं ‘हाय’ एवढंच लिहिलं. मुलीनं ते वाचलं आणि नम्रपणे प्रमुखांना हात हलवून हाय केलं. परीक्षकसुद्धा हसले. मग म्हणाले, “बसा बाई तुम्ही.” मी बसले. थोड्या वेळानं त्यांचं लक्ष हाताकडे गेलंच. “केवढी धडपड करता हो, कौतुक आहे,” म्हणाले. मी तेही टाइप केलं, कारण जे बोललं जाईल ते सगळं तिला दिसायला हवं, आणि म्हटलं, “पुढचा प्रश्न तिला विचारा.”

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला तो असा: “समाजकार्य म्हणजे लोकांचं ऐकून घेणं. तुला ऐकूच येत नाही, तर तू हे काम करणार कशी? दुसरं काहीतरी का शिकली नाहीस?”

सर, माझी बोटं बटणांवर थांबली. आयुष्यात पहिल्यांदा थांबली. समोर ती पडद्याकडे डोळे लावून बसलेली. माझ्या हातात होतं. ‘तुला अडचणी येतील, त्या कशा सोडवशील?’ असं काहीतरी मऊ करून लिहिता आलं असतं. तिला कधी कळलं नसतं. त्यांनाही कळलं नसतं, पडदा त्यांच्याकडे नव्हता. आणि त्या क्षणी मला तुमची ती खोली दिसली. आठ आहेत, दुसरं काहीतरी शिका. तुम्ही ते मऊ करून सांगितलं असतंत, ‘पोरी, तुला त्रास होईल’ म्हणाला असतात, तर मी गपचूप जिना उतरून गेले असते. मऊ बोलणाऱ्यांशी मला कधी भांडता आलं नाही, घरीही नाही. मी प्रश्न जसाच्या तसा टाइप केला. काना-मात्रेसकट.

तिनं वाचला. चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता रडते. ती परीक्षकांकडे वळली आणि तिच्या त्या जरा सपाट, जरा मोठ्या आवाजात म्हणाली, “सर, आमच्या वस्तीवरच्या बायका पंचायतीत बोलायला जातात, तवा समोरचे लोक मोबाइल बघत असतात. त्यांना ऐकू येतं. मला येत नाही, म्हणून मी माणूस बोलत असताना त्याच्या तोंडावरून नजर काढत नाही. मी वस्तीवर गेले की बायका मला सोडत नाहीत. तुम्ही आमच्या प्रमुख सरांना विचारा, फील्डवर्कला सगळ्यात जास्त बायका कुणाशी बोलल्या.” परीक्षकांनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुख म्हणाले, “खरं हाय.” मग परीक्षकांनी आणखी बराच वेळ तिला विचारलं, आता खरोखरचे प्रश्न, पाण्याचे, दारूबंदीच्या अर्जांचे, आणि ती उत्तरं देत गेली, एका ठिकाणी चुकली, ते त्यांनी सांगितलं, तेही मी लिहिलं. ती पास झाली. आता एका संस्थेत वस्तीकामाला लागते आहे. घरच्यांनी ‘तुला कशाला उन्हातान्हात’ म्हणून पाहिलं, पण ती ऐकत नाही. हा विनोद तिचाच आहे, माझा नाही.

बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, “मावशी, त्यांनी खरंच तसंच विचारलं होतं?” मी मान हलवली. ती म्हणाली, “बरं झालं तू बदललं नाहीस.” तिला तुमच्याबद्दल मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? की एक गृहस्थ होते, त्यांनी मला नकार दिला, पुन्हा पुन्हा दिला, आणि ते चुकले होते? तुम्ही चुकलाच होतात, सर. आठ बोटं चालतात. आठ बोटं भरवेगानं वाचणाऱ्या दुकानदाराच्या पुढे चालतात, परीक्षकाच्या पुढे चालतात. तुम्हाला शिकवता येत नव्हतं म्हणून ते अशक्य होतं असं नाही. एवढं लिहून घ्या, आणि ‘बी’चं ‘ही’ करायला गेलात तर मी पुन्हा ‘बी’ लिहीन.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. संस्थेच्या जागी आता काय आहे ते बघायलाही मी गेले नाही. फक्त एक गोष्ट आहे, ती भाच्याला सांगितली तर तो लगेच व्हॉइस टायपिंग सुरू करून देईल, आणि त्या मुलीला सांगितली तर ती माझी पिशवी उचलायला लागेल. महिना-दोन महिने झाले, उजव्या हाताचं मधलं बोट सकाळी वाकत नाही. गरम पाण्यात धरावं लागतं, मग सुटतं. डॉक्टर म्हणाले, या एका बोटानं तीन बोटांचं काम केलंय, आता ते थकलंय. मला भीती वाटते, सर. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही अरेरे म्हणणार नाही.